मुळाची योगतारा

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाळ छान आहे, मीही बरी आहे. डिंकाचे लाडू अजून पुरताहेत आणि हळिवाची खीर सासूबाई रोज करून देतात. आईनं पत्र उघडल्यावर आधी हेच शोधलं असतं, म्हणून आधी हेच लिहिलं. दादाला मेल करतेय, तो छापून देईल. फोनवर नावाचा विषय निघाला की आई गप्प होते आणि बाबा हवापाण्यावर येतात. तेवढ्यात बाळ उठतं आणि राहूनच जातं.

आई, तू का गप्प होतेस ते दादानं सांगितलं. मेलबर्नच्या जन्मवेळेतून साडेचार तास वजा करून तू पंचांग काढलंस आणि निघालं मूळ नक्षत्र, दुसरा चरण. पहिला चरण बापाला वाईट, दुसरा आईला. म्हणजे तुझी भीती नातीबद्दल नाहीच, ती माझ्याबद्दल आहे. मला हे कळलं तेव्हा तुझा राग आला नाही, उलट गलबलून आलं. तू गुरुजींकडे शांतीची चौकशी केलीस म्हणे. कर. तुझ्या मनाला स्वस्थता मिळणार असेल तर माझी जराही हरकत नाही. पण ‘पोर आईच्या मुळावर आली’ हे वाक्य तिच्या कानावर कधी पडता कामा नये. घरात नाही, लग्नकार्यात नाही, कौतुकानं किंवा लाडानंही नाही.

आपल्या आळीतली ती ताई तुला आठवत असेल. शिकलेली, गळ्यात सूर, स्वभावानं मऊ. पत्रिकेत मूळ, म्हणून तिच्यासाठी सासरा हयात नसलेलं स्थळ शोधायचं असं मोठी माणसं तिच्यासमोर बोलायची. एका माणसाचं बापाविना घर असणं ही तिच्यासाठी चांगली बातमी ठरायची! ती पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर यायची तेव्हाची तिची मान मला अजून दिसते. पत्रिकेतल्या त्या ओळीनं कुणाचं वाईट झालं असेल, तर ते फक्त तिचं झालं.

बाबा, तुम्ही गणित शिकवलंत, म्हणून तुम्हाला विचारते. चंद्र सुमारे सत्तावीस दिवसांत सत्तावीस नक्षत्रं फिरतो. म्हणजे दर सत्तावीस बाळांमागे एक मुळावर जन्मतं. तुमच्या साठ मुलांच्या वर्गात दरवर्षी दोघं-तिघं तरी असणार. इतक्या वर्षांत तुमच्या हाताखालून गेलेल्या त्या मुलांचे आईबाप काही वेगळ्या नशिबाचे होते का? तुम्ही तर सगळ्यांची घरं ओळखत होतात.

आता मी मूळ नक्षत्राबद्दल सांगते, कारण गेले काही दिवस दूध पाजताना रात्री-अपरात्री मी तेच वाचतेय.

वृश्चिक तुम्हीच आम्हाला गच्चीवर दाखवलात. अनुराधा म्हणजे डोक्याकडचे तारे, मध्ये तांबडी ज्येष्ठा आणि मग वळत गेलेली शेपटी ती मूळ, टोकाला नांगी. पण त्या नांगीच्या पलीकडे, धनू राशीला लागून काय आहे? आपल्या आख्ख्या आकाशगंगेचं केंद्र! ते मूळ नक्षत्राच्याच हद्दीत येतं. सुमारे २७ हजार प्रकाशवर्षं दूर, आणि तिथं आपल्या सूर्याच्या ४० लाख पटींहून जास्त वस्तुमानाचं कृष्णविवर आहे. त्याच्याभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या कक्षा वर्षानुवर्षं मोजून राइनहार्ड गेन्झेल आणि आंद्रेया गेझ यांनी ते तिथं असल्याचं दाखवलं आणि २०२० च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. २०२२ च्या मे महिन्यात त्याचं पहिलं चित्र प्रसिद्ध झालं, नारिंगी कड्याचं, तुम्ही मला ते पाठवलंही होतं. सूर्य आपल्याला सगळ्यांना घेऊन याच केंद्राभोवती फिरतो आणि एका फेरीला वीस कोटींहून जास्त वर्षं घेतो. माझी मुलगी जन्मली त्या संध्याकाळी, आषाढी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, जवळजवळ पूर्ण चंद्र त्याच बाजूला होता. यात अशुभ काय शोधायचं?

आणि बाबा, खोडदची रेडिओ दुर्बीण. दर २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला तुम्ही शाळेची मुलं घेऊन जायचात आणि मला मोठ्या वर्गाच्या ओळीत घुसवायचात. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, गोविंद स्वरूप यांनी उभ्या केलेल्या, आपल्या द्राक्ष-टोमॅटोच्या शेतांमध्ये. त्या विद्येची सुरुवात कुठून झाली माहितीये? अमेरिकेत कार्ल जान्स्की नावाच्या अभियंत्याला कामच दिलं होतं की समुद्रापलीकडच्या रेडिओ-टेलिफोनमध्ये खरखर कुठून येते ते शोध. विजांची खरखर वेगळी काढल्यावर एक बारीक फुसफुस उरली आणि ती रोज चार मिनिटं लवकर यायची, तारे उगवतात तशी. १९३३ साली त्यानं जाहीर केलं की ती आकाशगंगेच्या मध्याकडून येते. म्हणजे माणसानं रेडिओनं आकाश ऐकायला सुरुवात केली ती मुळाच्या दिशेनं! खोडद त्याच घराण्यातलं. हे वाचलं त्या रात्री मी तुम्हाला उठवणार होते, पण तुमच्याकडेही रात्रच होती.

नावांचा विचार आम्ही आधीपासून करत होतो आणि तो आकाशातच करायचा हे दोघांनाही पटलं होतं. मुलगा झाला असता तर अगस्त्य. तुमच्याकडे तो थंडीत दक्षिणेला खालच्या बाजूला दिसतो, इथं मात्र तो मावळतच नाही, वर्षभर क्षितिजाच्या वरच राहतो. मुलीसाठी सासूबाईंनी अरुंधती सुचवलं. सुंदर नाव आहे, पण मेलबर्न इतकं दक्षिणेला आहे की वसिष्ठ-अरुंधती इथं उगवतच नाहीत. ध्रुवही नाही. जी तिला तिच्या घरातून कधी दाखवता येणार नाही, तिचं नाव ठेवायला माझं मन झालं नाही. रोहिणी, चित्रा, स्वाती आपल्या नात्यात आहेतच, एकीला हाक मारली की दोघी वळतात.

मूळ मात्र इथं डोक्यावर येतं. अगदी डोक्यावर, बाबा! नारायणगावात तुम्ही ते दक्षिणेच्या डोंगरांवर बोट दाखवून दाखवायचात. इथं नांगीतला सगळ्यात तेजस्वी तारा वरून जाताना माथ्यापासून अंशभरही ढळत नाही. आमच्या भागात दिव्यांमुळे आकाशगंगा दिसत नाही, पण तो तारा दिसतो. बाळाला सासूबाईंकडे देऊन आम्ही दोघं मागच्या अंगणात उभे राहिलो, रात्री साडेनऊ-दहाचा सुमार, थंडी अशी की दोन स्वेटर कमी पडावेत. मान मागे टाकून टाकून दुखायला लागली. विंचू पूर्ण पसरलेला होता. इथल्या आदिवासींनी याच भागात विंचू न बघता एमू पक्षी बघितला आहे, आणि तोही ताऱ्यांचा नव्हे, आकाशगंगेतल्या काळ्या पट्ट्यांचा. दक्षिणेच्या क्रॉसजवळ डोकं, मग लांब मान, आणि मुळाच्या आसपास त्याचं पोट. ते बघायला शहराबाहेर जावं लागेल. ती दोन-तीन वर्षांची झाली की नेऊ, तेव्हा तुम्ही दोघं इथं असायला हवेत.

तर आई, मुळाच्या दुसऱ्या चरणाचं अक्षर ‘यो’, हे तूच सांगितलंस. योगिता, योगिनी, योजना अशी यादीही पाठवलीस. मी त्याच अक्षराला धरून नाव काढलंय: योगतारा. सूर्यसिद्धांत या जुन्या खगोलग्रंथात प्रत्येक नक्षत्राची एक ठळक तारका दिली आहे, ती त्या नक्षत्राची योगतारा. मुळाची योगतारा म्हणजे तोच नांगीतला तारा, आमच्या अंगणावरून जाणारा. म्हणजे तिचं नाव नक्षत्र लपवून ठेवणार नाही. तिला कुणी कधी नक्षत्र विचारलं, तर तिनं मान वर करून सांगावं की मूळ.

हाक मारायला तारा. इथल्या शाळेत ते नाव कुणाच्या जिभेवर अडणार नाही आणि तुम्हालाही म्हणायला सोपं. तिच्या बाबाला आधी नाव जड वाटत होतं. आता तोच तिला खांद्यावर टाकून फिरवताना हेच म्हणत असतो.

बाबा, तुम्ही आईला समजवायला जाऊ नका. तुम्ही तारे दाखवायचात आणि आई पंचांग बघून व्रतं सांभाळायची, आमच्या घरात दोन्ही एकाच भिंतीवर टांगलेलं होतं आणि मला त्यातलं काहीच टाकायचं नाही. चंद्र कुठं आहे हे आईनं मोजलं नसतं, तर मी मुळाकडे बघितलंही नसतं.

बारसं पुढच्या महिन्यात, तिची आत्या सिडनीहून येईल तेव्हा. कानात कुर्रर्र तीच करेल. गोविंद घ्या, गोपाळ घ्या करताना पाळण्याखालून बाळ घ्यायला मैत्रिणी आहेत. तुम्ही व्हिडिओवर असालच. इथं जन्मनोंदणीला साठ दिवस मिळतात, त्यामुळे नाव लिहायला अजून वेळ आहे, पण आईचा होकार आल्याशिवाय मी फॉर्म भरणार नाही. नको वाटलं तर नको म्हण, फक्त भीतीपोटी म्हणू नकोस.

आणि कुलदेवतेचं नाव पाळण्यात कुठलं घ्यायचं ते तू ठरव. टोपरं आणि दुपटी दादाच्या मित्राबरोबर पाठवलीस तर फार बरं, तो पुढच्या आठवड्यात निघतोय. लोकरीचं जरा मोठ्या मापाचं दे, इथं सप्टेंबरपर्यंत थंडी राहते.

तुमची धाकटी