वाघ कुठला ते हेडिंगमध्येच कळू द्या

संपादक साहेब, नमस्कार.

तुमचा पेपर आमच्या घरी रोज येतो. बरेच दिवसांपासून एका शब्दाबद्दल लिहायचं होतं, तो म्हणजे वाघ. कोणी नेता सभेत जोरात बोलला की वाघाची डरकाळी, बांगलादेशची क्रिकेट टीम हरली की वाघांची शिकार, ज्या समितीला काही अधिकारच नाहीत ती कागदी वाघ, गावचा जुना पैलवान ढाण्या वाघ आणि मुलीनं मेडल आणलं की ती वाघीण. शिवसेनेचं समजू शकते, वाघ ही त्या पक्षाची ओळखच आहे. २०२४ मध्ये लंडनहून वाघनखं साताऱ्याला आली तेव्हाही शब्द आपल्या जागेवरच होता. बाकीच्यांचं काय?

आम्ही मूल तालुक्यात राहतो, जिल्हा चंद्रपूर. आमच्याकडे हेडिंगमध्ये वाघ दिसला की आधी डोक्यात येतं कुठल्या गावाजवळ, आज शेतात जायचं का नाही, आणि मोहफुलं वेचायला पहाटे गेलेल्या बाया परत आल्या का. मे २०२५ मध्ये शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. तेव्हापासून तर हा शब्द वाचला तरी पोटात गोळा येतो. आणि आता पेपर पूर्ण कोण वाचतं, व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं हेडिंग फिरतं, "वाघ मैदानात उतरला" असं, आणि खाली पाहावं तर नगरपरिषदेची निवडणूक.

दुसरं म्हणजे बिबट्या. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात वाघ ४४४ आणि बिबटे १९८५ निघाले, म्हणजे राज्यात बहुतेक ठिकाणी लोकांना दिसतो तो बिबट्याच. जुन्नर-शिरूरकडे उसात बिबट्या राहतो आणि तिथली माणसं बोलताना त्याला वाघच म्हणतात, वारली लोकांच्या वाघोबात तर दोन्ही येतात, त्यांचं काहीच चुकत नाही. पण पेपरनं लिहिताना फरक करायलाच पाहिजे, कारण काळजी वेगळी घ्यावी लागते. बिबट्या कुत्र्याकोंबड्यांच्या मागे पार अंगणापर्यंत येतो, झाडावर चढतो, लहान पोरांना त्याचा धोका जास्त. वाघाचे हल्ले आमच्याकडे जास्त करून जंगलात किंवा जंगलाला लागून, खाली वाकून काम करणाऱ्या माणसावर होतात. फोटो वाघाचा आणि बातमी बिबट्याची असं तर कितीदा पाहिलंय.

नरभक्षक हा शब्द पण जरा जपून वापरा साहेब. पहिल्या हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी तो छापून येतो. तोवर फॉरेस्टवाल्यांचे कॅमेरे लागलेले नसतात, कुठल्या वाघानं हल्ला केला तेही कळलेलं नसतं, पण गाव पेटतं आणि राग निघतो तो बिचाऱ्या वनरक्षकावर. पांढरकवड्याच्या अवनी वाघिणीच्या वेळी, २०१८ मध्ये, कोणी तिला राक्षसीण केलं आणि कोणी देवी, आणि ज्यांच्या घरचं माणूस गेलं ते मधल्यामध्ये राहून गेले. मला सगळ्यात जास्त हेच लागतं. ताडोब्याची माया वाघीण दिसेनाशी झाली तेव्हा तिच्यावर किती लिहून आलं, यायलाच पाहिजे होतं, मलापण वाईट वाटलं. पण हल्ल्यात गेलेल्या बाईचं नाव बातमीच्या शेवटच्या ओळीत असतं, कधी तर फक्त "महिला ठार".

आणि त्या मालगाडीच्या वाघिणी! कोळशाच्या गाड्या दिवसभर आमच्या जिल्ह्यातून जातात, त्यामुळे "वाघिणी घसरल्या" हे आम्हाला नवीन नाही. पण इथल्याच बल्लारशा-गोंदिया लाइनवर नोव्हेंबर २०१८ मध्ये वाघाचे तीन बछडे रेल्वेखाली मेले होते, म्हणून इकडच्या पानावर सरळ मालडबे लिहिलं तर बरं होईल.

निदान चंद्रपूर-गडचिरोलीच्या आवृत्तीत तरी एवढं कराच. हेडिंगमध्ये वाघ की बिबट्या ते लिहा, सोबत गाव आणि तालुका लिहा, गेलेल्या माणसाचं नाव पहिल्या ओळीत घ्या, आणि नेत्यांना त्यांच्या नावानंच लिहा.

आपली एक वाचक,
ता. मूल, जि. चंद्रपूर