माउंट ऑबर्नला याल ना?

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, ‘रविवारी सकाळी स्मशानात कशाला जातेस गं?’ फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

बॉस्टनला लागून असलेल्या केंब्रिजमधलं माउंट ऑबर्न हे दफनस्थान १८३१ सालचं. त्या काळी बॉस्टनमधली चर्चच्या आवारांतली दफनभूमी भरून गेली होती आणि जेकब बिगेलो नावाच्या डॉक्टरला लोकांच्या आरोग्याची काळजी वाटत होती. गावाबाहेर, झाडीत, टेकड्यांच्या उतारांवर दफनासाठी जागा करावी, ही कल्पना त्याची. मॅसॅच्युसेट्सच्या उद्यानविद्या संस्थेनं ती उचलून धरली. अमेरिकेत तेव्हा सार्वजनिक बागा जवळजवळ नव्हत्याच, त्यामुळे लोक इथे नुसते फिरायलाही येऊ लागले. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क त्यानंतर पंचवीसेक वर्षांनी झालं. आजही १७५ एकरांचा हा परिसर सगळ्यांना खुला आहे आणि तिकीट नाही. कुत्री आणायची नाहीत, डबे उघडून बसायचं नाही. हे नियम मला फार पटतात, कारण तिथे आजही अंत्यविधी होतात. कुणी शोकात असताना शेजारी सहल नको.

बाबा, तुम्हाला आवडेल ते पुढे आहे. मधोमध झाडीनं वेढलेल्या खोलगट भागात एक लहानसं तळं आहे. मार्च-एप्रिलच्या पहिल्या उबदार पावसाळी रात्री काळ्या अंगावर पिवळे ठिपके असलेले सॅलॅमँडर (पालीसारखे दिसणारे, पण बेडकांच्या गोतातले उभयचर प्राणी) जमिनीखालून बाहेर येतात आणि अंडी घालायला त्या पाण्याकडे निघतात. अंडी जेलीसारख्या गोळ्यात असतात, पाण्यातल्या काटक्यांना चिकटलेली. चहूबाजूंनी शहर पसरलं, तरी हे प्राणी इथे तगून राहिले. त्यांच्यासाठी त्या उतारावर इथलीच मूळची झाडं-झुडपं पुन्हा लावली आहेत. पानांचा थर तसाच राहू देतात, कारण एरवी त्यांचा मुक्काम त्याच्याखालीच असतो. इतकी नीटनेटकी ठेवलेली जागा, आणि तिचा हा कोपरा मुद्दाम विस्कटलेला! मला तिथेच सगळ्यात जास्त वेळ थांबावंसं वाटतं.

बऱ्याच थडग्यांभोवती हिरवळीऐवजी जमिनीलगत पसरणारी झुडपं लावली आहेत. त्यामुळे गवत कापणं कमी, इंधनाचा धूर कमी, आणि कापणीयंत्राचा धक्का लागून जुन्या संगमरवराचे टवके उडणंही थांबतं. दगड जपणं आणि माती जपणं इथे एकच काम झालं आहे.

दफनाचीही वेगळी सोय आहे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मृतदेहावर रसायनांची प्रक्रिया करतात आणि पेटी सिमेंटच्या कोषात ठेवतात. इथे ज्यांना हवं त्यांना यातलं काहीच न करता, साध्या कापडात किंवा कुजणाऱ्या पेटीत थेट मातीत ठेवता येतं. बाबा, हे वाचल्यावर मला खूप बरं वाटलं. मेल्यानंतर शरीर मातीला मिळावं, एवढं साधं मागणं पुरं करायला इथे वेगळी व्यवस्था लागते, याचं वाईटही वाटलं.

आणि मी जाते ते कामासाठी. शहरातले आम्ही काही जण स्वयंसेवक म्हणून ठरावीक झाडांच्या नोंदी ठेवतो: कळी कधी फुगली, पहिलं पान कधी उलगडलं, फूल कधी उमललं. दर वर्षी तेच झाड. अशा नोंदींच्या साखळीतूनच कळतं की वसंत ऋतू पूर्वीपेक्षा लवकर येऊ लागलाय का. आमच्या गटात निवृत्त शिक्षिका आहेत, कॉलेजची मुलं आहेत, आणि जिचा नवरा तिथेच पुरलेला आहे अशी एक बाई आहे. ती आधी थडग्यापाशी जाते, मग वही उघडते.

तर तुम्ही येणार असाल तर मे महिन्यातच या. शहराच्या पसाऱ्यात ही मोठी झाडी दिसते, म्हणून उत्तरेकडे निघालेले वॉर्बलर नावाचे चिमुकले गाणारे पक्षी इथे उतरतात. सकाळी दुर्बिणी घेतलेली माणसं फाटकापाशी जमतात आणि अनोळखी माणसालाही बोटानं पक्षी दाखवतात. आई, रस्ते बहुतेक पक्के आहेत, पण चढ-उतार आहेत, तेव्हा चालायचे बूट आण. बाबांची दुर्बीण सामानात घे. तिकिटाच्या तारखा लवकर कळवा, म्हणजे मी रजा टाकते.

तुमची लेक