विरार लोकलमधल्या त्या ग्रुपचे मनापासून आभार

माझा नवरा अमेरिकन. परवा संध्याकाळी तो दादरला विरार फास्टमध्ये चढला. उतरायचं होतं बोरिवलीला, पण स्टेशन आल्यावर उठला आणि दारापर्यंत पोचूच शकला नाही. बॅग वर रॅकवर, तिच्यात पासपोर्ट. गाडी सुटली तसा तो पार घाबरला.

तिथे रोजचा ग्रुप बसला होता. एकाने त्याला चौथी सीट दिली, म्हणजे तिघांच्या बाकावर सरकून चौथ्याची जागा केली, एका काकांनी डब्यातली चकली हातावर ठेवली. मीरा रोड गेल्यावर त्यांनीच त्याला दाराकडे सरकवलं. बॅग डोक्यांवरून, या हातातून त्या हातात, त्याच्याआधी दारात पोचली होती!

एक दादा तर त्याच्यासोबत भाईंदरला उतरले. राहायला नालासोपाऱ्याला, तरी पूल ओलांडून त्याला बोरिवलीकडे परत येणाऱ्या चर्चगेटच्या गाडीत बसवलं आणि मला फोन केला, "ताई, बसवलंय त्यांना. काळजी करू नका." घाईत मी नावही विचारलं नाही, त्याची चुटपुट अजून आहे.

दादा, काका, तुम्हा सगळ्यांचे खूप खूप आभार. घरी आल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, "'जरा सरकून घ्या' म्हणजे काय?"