डॉक्टरकाकांचं पिस्तूल आणि दिल्या

गावाकडून, संक्रांतीच्या आधी

प्रिय पद्या,

डॉक्टरकाकांचं पिस्तूल माझ्याकडे आलं. तेच बे, काचेच्या कपाटातलं. जे पाहायला आपण पोट दुखते म्हणून दवाखान्यात जाऊन बसायचो आणि तू एकदा खरोखरचा एनिमा घेऊन परत आलास.

फोनच करणार होतो. पण फोनवर तू "वा वा" म्हणतोस आणि मागे कोणाची तरी मीटिंग चालू असते. शिवाय पिस्तूल हे निमित्त आहे. बोलायचं आहे ते आपल्या दिल्याबद्दल, आणि ते तुझ्याशिवाय कोणाला सांगून उपयोग नाही. तब्येत बरी, आईचे गुडघे होते तसेच, बाबांची शुगर आटोक्यात. झालं.

काकांचा धाकटा घर विकायला आला होता. बोअरची मोटार काढून द्या म्हणून दुकानात आला. मोटार काढली, आणि भंगाराच्या ढिगात जुन्या धोतरात गुंडाळलेलं हे दिसलं. त्यानं मागितले तेवढे पैसे दिले. किती ते विचारू नको; संध्याला मी अर्धाच आकडा सांगितला आहे आणि तुला तिच्याशी बोलताना काही पोटात ठेवता येत नाही.

जर्मन डायना कंपनीचं हवेचं पिस्तूल आहे, मॉडेल ५, रास्टाट गावच्या कारखान्यातलं. कंपनीच्या शिक्क्यातली ती बाई अजून स्पष्ट दिसते: एका हातात बंदूक उंच धरलेली, दुसऱ्या हातानं धनुष्यबाण फेकून देते. तू तिला दुर्गा म्हणून नमस्कार करायचास, लेका. यात गॅस नाही, दारू नाही. नळी खाली वाकवली की आत पिस्टन मागे सरकतो, स्प्रिंग दबते आणि खाचेत अडकून बसते. चाप ओढला की पिस्टन पुढे धावतो, समोरची हवा चेपते, आणि ती हवाच छर्रा ढकलते. म्हणजे बाजारात मोठं रूप घेऊन हिंडणारा सायकलचा पंप.

पहिल्या बाराला फाट्कन आवाज, नळीतून निळा धूर आणि जळक्या तेलाचा वास. संध्या म्हणाली, दिवाळी संपली आता. झालं असं की धाकट्यानं विकायच्या आधी आत शिलाई मशीनचं तेल बदाबदा ओतलं होतं. पिस्टनपुढे साधं तेल राहिलं की चेपलेल्या हवेच्या उष्णतेनं ते पेटते. डिझेल इंजिनात होते तेच. ऐकणाऱ्याला वाटते काय जोर आहे, पण त्यात स्प्रिंग अन् पिस्टनच्या तोंडावरचं वायसर, दोघांचं आयुष्य जाते.

मग खोललं. तुला माहीत आहे, मला वस्तू चालवण्यापेक्षा खोलण्यात जास्त मजा. पण हे मोटार खोलण्यासारखं नाही. आत स्प्रिंग सुटी नसते, दाबातच बसवलेली असते; पिन काढताना मागून धरलं नाही तर लोखंड थेट टिनाच्या छपरात. सुताराचा लांब क्लॅम्प आणला, त्यात धरून पिना ठोकल्या आणि मग हळूहळू ढील दिली. आतलं चामड्याचं वायसर वाळून पापड झालेलं, वर उभी चीर. स्प्रिंगला मधोमध बाक. टोकं इतकी धारदार की सिलिंडरला आतून ओरखडे पाडत होती.

हातपंपाच्या वायसरचं चामडं घेऊन पाहिलं, जाड पडलं. चांभाराकडून पातळ कातडं आणलं, सिलिकॉन तेलात भिजत ठेवलं, दोन बुशांच्या मध्ये दाबून वाटीसारखा आकार दिला. स्प्रिंग नवी, जुन्याच मापाची. टोकं दगडावर सपाट करून पॉलिश पेपरनं गुळगुळीत केली. सगळ्यात फरक पडला तो मधल्या दांड्यानं. जुना ढिला होता म्हणून स्प्रिंग सुटली की आत झिणझिणत राहायची. आर्वीला लेथवर नायलॉनचा रॉड कातून घेतला, स्प्रिंगमध्ये जेमतेम सरकेल असा. काळं मॉली ग्रीस पिस्टनच्या अंगाला बोटानं पुसल्यासारखं. पुढच्या तोंडाला अजिबात नाही. नळीच्या सांध्याला सबमर्सिबल पंपाच्या डब्यातली रबरी ओ-रिंग बसली. मग संध्याची पावडर सांध्यावर भुरभुरली आणि बार काढला. पावडर जागची हलली नाही, म्हणजे हवा तिथून गळत नाही. पावडरीचा हिशेब मात्र अजून चालू आहे.

आता आवाज येतो तो जुन्या अलमारीचं दार लागावं तसा. ठक्. बस.

कोठ्यात दहा मीटर मोजून पोतं टांगलं, आत चिंध्या दाबून भरल्या. चष्मा लावल्याशिवाय बार नाही, कारण शिशाचा छर्रा कडक लाकडावरून परत येतो. छर्रा न घालता चाप ओढायचा नाही, पिस्टन जाऊन कोऱ्या लोखंडावर आदळतो. ताणून ठेवून चहाला जायचं नाही, स्प्रिंग बसते. आणि गच्च आवळून धरायचं नाही, हे शिकायला मला सगळ्यात वेळ लागला. पिस्टन पुढे धावताना पिस्तूल मागे येते, आणि तो थांबला की पुढे हिसका बसतो. हे दोन्ही छर्रा नळीतच असताना. आवळलं की छर्रे पोतंभर. सैल धरलं, पण दर वेळी सारखंच सैल, की एकाला एक लागून बसतात. डायनाच्याच ६ नंबरात दोन पिस्टन उलटसुलट धावतात आणि धक्का एकमेकांत जिरतो म्हणे. आपल्याला ५ च बरं. स्पर्धेच्या कागदावर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असते. चपट्या तोंडाचा छर्रा कागदाला पंचसारखं गोल भोक पाडतो, त्यामुळे स्वतःला फसवायची सोय नाही. दुकान बंद केल्यावर अर्धा तास तिथे बसतो. त्या वेळात डोक्यात कोणाची मोटार नसते, कोणाची उधारी नसते.

कौंडण्यपूरच्या यात्रेत तू सगळे फुगे फोडलेस ही तुझी कथा मी पोरांना सांगितली. खरी कथाही सांगितली, की फुगेवाल्याच्या बंदुकीची नेम धरायची माशी वाकडी होती आणि तू नेम भलतीकडेच धरला होतास. वाद नको. तू नेहमीप्रमाणे चूक आहेस.

गावात अर्थात बोंब झाली: सुध्यानं पिस्तूल घेतलं. पोलीस पाटील चहाला आले, कपात पाहत म्हणाले, परवाना? त्यांना समजावलं की ४.५ मिलिमीटरपर्यंतची नळी आणि २० ज्यूलपर्यंतचा जोर असेल तर परवाना लागत नाही. पूर्वी याचीच कसोटी फळीवर होती, बारा इंच चौरस, इंचभर जाडीची मऊ लाकडाची फळी आरपार होता कामा नये. माझ्या या यंत्राचा अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सव्वाशे मीटरच्या आसपास जात असेल; हिशेब मांडला तर चार ज्यूलही भरत नाहीत. पाटलांनी स्वतः एक बार काढला. पोतं चुकलं, तुराट्यांच्या गंजीत गेला. "ह्यानं काई होत नाही," म्हणाले आणि समाधानानं गेले.

दिल्याचं समाधान झालं नाही.

तो दुसऱ्याच दिवशी आला. उभ्याउभ्याच म्हणाला, "डब्बे काय फोडून राहिला बे? माह्या वावरात चाल." वांदरांची टोळी आली आहे यंदा, मोठी. तूर उभी आहे, शेंगा ओरबाडून नेतात. मृगाचा बहार झाडावर आहे, अन् एक संत्रं पूर्ण खातील तर शपथ. चावा घेतात, फेकतात, दुसरं तोडतात. रात्री रानडुकरं, दिवसा हे. झटका मशीन मीच बसवून दिलं होतं, डुकरांना ते थोडंफार पुरते. वांदरं कडुलिंबावरून थेट बागेत उतरतात, तारेला शिवतही नाहीत. नुकसानीचा अर्ज दिला आहे, पंचनामा व्हायचा आहे. रात्री मचाणावर, दिवसा गोफण घेऊन धुऱ्यावर. डोळे खोल गेले आहेत त्याचे. वजन तू पाहिलं होतंस त्याच्या निम्मं म्हणणार होतो, पण तू पाहिलं होतंस तेव्हा तो लग्नातली जिलेबी खात होता.

"वांदराले लागलं पाहिजे असं कर," म्हणाला. "तू मोटारवाला माणूस. डबल स्प्रिंग टाक."

मी त्याला बोर्डावर लिहावं तसं समजावलं. सिलिंडर एवढासा, त्यात हवाच कमी. दुप्पट जाड स्प्रिंग टाकली तर हवा दुप्पट होत नाही, फक्त नळी वाकवायला दोन माणसं लागतील आणि पिस्टन आपटून आपटून फुटेल. समज लागलाच, तरी एवढ्या जोरात वांदर मरत नाही. छर्रा मांसात राहतो, जखम सडते, महिनाभर हाल. शिवाय १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, आत जाशील. सगळं खरं. एकही शब्द खोटा नाही.

त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "होत नाही, का करत नाही?"

मी काहीच बोललो नाही. तो गेला. तेव्हापासून दुकानावरून जातो, मान वर करत नाही. त्याच्या घरून काकूनं तिळगुळाच्या तयारीला संध्याला बोलावलं नाही. पंप बिघडला तर दुसऱ्या गावचा माणूस आणला. तो माणूस कॉइलला वार्निश कमी देतो हे दिल्यालाही माहीत आहे, तरी आणला.

पद्या, तो रागावला याचं मला फारसं नाही. भांडणं आपली काय नवीन आहेत. तुम्ही दोघं तर दहावीचं पूर्ण वर्ष माझ्यामार्फत बोलत होते, मध्ये बसून माझी मराठी सुधारली. मला झोप लागत नाही ती वेगळ्यासाठी. हे दिल्यानं मागितलं. दिल्यानं. त्या होला पाखराबद्दल आपण तिघं पुन्हा कधी बोललो नाही, आताही नको. गुलेर कोणाच्या हातात होती तो विषय तर नकोच. पण खड्डा त्यानं खणला होता हे तुलाही आठवत असेल. मटण तेव्हा सोडलं ते सासुरवाडीच्या पंगतीतही धरलं नाही. बैलाला तुतारी टोचत नाही म्हणून बाबा त्याला अजून हसतात. तो माणूस माझ्यासमोर उभा राहून म्हणतो, लागलं पाहिजे असं कर. किती दिवस जागल्यावर माणूस इथवर येत असेल? मी मात्र वीस पावलांवर बसून कागदाला गोल भोकं पाडतो, तीही नेमकी ११.५ मिलिमीटरच्या आत पडावीत म्हणून धडपडतो. संध्या म्हणते, विकून टाक अन् मोकळा हो. विकलं तर वांदरं जाणार आहेत का? आणि विकलं की दिल्याला वाटेल मी त्याला दाखवायला विकलं. ठेवलं तरी तेच. परवा नेम धरला आणि बार न काढताच स्प्रिंग हातानं उतरवली. नळी घट्ट धरून, चाप दाबून, हळूच. तसंच करावं लागते.

वावरात जाऊन बसायचं मी ठरवलं आहे. रात्रीची पाळी माझी, त्यानं झोपायचं. सुतळी बॉम्ब घेऊन, पिस्तूल न घेता. पण मी निघालो तर तो वाटेतूनच परत पाठवेल. तू फोन कर त्याला. तुझं ऐकतो तो, का ते देवाला माहीत. माझं नाव काढू नको, संत्र्याचा भाव विचार, बोलता बोलता काढ. आणि "मी समजू शकतो" असलं पुण्याचं काही बोलू नको, फोन आपटेल.

तुझ्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींच्या बदलीचं काय झालं? चिन्मयला दहावीला गणित कोणतं दिलं ते कळव, इथे आमच्या पोरीचाही तोच घोळ चालू आहे. कंबर दुखते म्हणालास, खुर्ची बदल. झालं तुझं.

होळीला ये. दिल्या बोलत असला तर तिघं बसू, नसला तर त्याच्या धुऱ्यावर जाऊन बसू.

तुझा,
सुध्या

ता. क. येताना चपट्या तोंडाचे छर्रे आण, ४.५ चे, दोन डबे. टोकदार आणू नको. आणि पावडरचा एक मोठा डबा, संध्याचा ब्रँड तिलाच विचार, पण कशासाठी ते सांगू नको.