औषधांच्या होड्या अडवून बंड शमत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बेटावरचे बंड मोडायला काय लागते, चहूकडून समुद्र, नाकेबंदी केली की आठवडाभरात शरण येतील, असा सूर बंडखोरीवरच्या चर्चांत हमखास लागतो. तो लावणाऱ्यांनी पापुआ न्यू गिनीतील बोगनव्हिल बेटाचा इतिहास जरूर चाळावा.

तेथे बहुतेक भागांत जमिनीचा वारसा आईकडून मुलीकडे जातो. पण पांगुनाची तांब्याची खाण आली तेव्हा बायकांना विचारतो कोण! १९६९ मध्ये रोरोवानाच्या बायका जमिनीसाठी आडव्या आल्या, तर ऑस्ट्रेलियन अमलाखालच्या पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधूर चालवला. पुढे खाणीचा गाळ जाबा नदीत जात राहिला. अखेर १९८८ मध्ये, एकेकाळी त्याच खाणीत नोकरी केलेल्या फ्रान्सिस ओना यांच्या साथीदारांनी विजेचे मनोरे उडवले. मे १९८९ मध्ये खाण बंद पडली.

सरकारने आधी दंगलविरोधी पोलीस धाडले, मग लष्कर. बाहेरून आलेल्या जवानांना बंडखोर कोण आणि साधा गावकरी कोण हे ओळखता येईना. मग साप समजून भुई धोपटणे सुरू झाले. गावे जाळली गेली आणि कालपर्यंत कुंपणावर बसलेली पोरे जंगलात गेली.

१९९० च्या नाकेबंदीने तर कहर केला. औषधांविना लहान मुले आणि बाळंतिणी दगावल्या. बंडखोर मात्र खोबरेल तेलावर गाड्या चालवत राहिले आणि पाण्याच्या नळांच्या बंदुका करत राहिले. बंडखोरही काही संत नव्हते. त्यांच्या जाचाला कंटाळून शेजारच्या बुका बेटावरच्या पुढाऱ्यांनी त्याच वर्षी लष्कराला परत बोलावले होते. लोकांचा विश्वास मिळवण्याची ही आयती संधी होती, तीही दवडली.

१९९७ मध्ये पंतप्रधान ज्युलियस चॅन यांनी ३ कोटी ६० लाख डॉलर मोजून 'सँडलाइन' कंपनीचे भाडोत्री सैनिक आणायचे ठरवले, तेव्हा खुद्द लष्करप्रमुख जेरी सिंगिरोक यांनीच त्यांना हाकलून दिले आणि चॅन यांना पायउतार व्हावे लागले. युद्धविराम झाला तो न्यूझीलंडमधल्या बोलण्यांतून, आणि त्यावर देखरेख करायला आलेले परदेशी निरीक्षक निःशस्त्र होते.

बोगनव्हिलच्या भवितव्यावर झालेल्या २०१९ च्या सार्वमतात जवळपास ९८ टक्के लोकांनी स्वातंत्र्य मागितले. पण तो कौल बंधनकारक नाही, अंतिम शब्द राजधानी पोर्ट मोर्स्बीतल्या पापुआ न्यू गिनीच्या संसदेचा. तेथे नुसतेच वेळ काढणे चालले, तर पुन्हा जंगलाची वाट धरणाऱ्यांना दोष कोणत्या तोंडाने देणार?

आपला,
एक नियमित वाचक, सातारा