संकष्टीच्या दिवशी बाबल्याला लिहिलेलं पत्र

देवबाग,
कार्तिक वद्य चतुर्थी

प्रिय बाबल्या,

कयाकमधून, म्हणजे त्या छोट्या होडीतून, मासे गरवायला लागणाऱ्या सामानाची तुझी यादी पोचली. आधी मोबाइलवर फोटो मोठा करकरून वाचली, मग चष्मा लावून वाचली, शेवटी हिला वाचून दाखवली. ही म्हणाली, "भावजी मासे गरवायला येतायत की लंकेवर स्वारीला?"

फोनवरच बोललो असतो, पण फोनवर तू दर वाक्याला "हो रे, कळलं" म्हणतोस आणि तुला काहीएक कळलेलं नसतं. शाळेतही तू असाच होतास. शिवाय आज संकष्टी. होडी मांगरात, म्हणजे सामानाच्या खोपटात, पालथी पडली आहे आणि चंद्रोदयापर्यंत मला दुसरा उद्योग नाही. संकष्टीला मी गरवायला जात नाही यामागे धर्म कमी आणि लाज जास्त आहे. ते पुढे येईलच.

आधी यादी. पायडलवाली कयाक, फिश फाइंडर, चार रॉड, जीपीएस, कार्बनचं वल्हं, कॅमेऱ्याचा खांब. बाबल्या, या सगळ्यावर काट मार. राग येईल, पण मार. तुला लागणार आहे एक साधी होडी, एक बरं वल्हं, अंगात नीट बसणारं लाइफ जॅकेट, एक रॉड आणि महिनाभर नुसतं पाण्यात भिजायची तयारी. शेवटची गोष्ट दुकानात मिळत नाही म्हणून तुझ्या यादीत नाही.

होडी 'सिट-ऑन-टॉप' घे, म्हणजे जिच्यावर आपण वर बसतो ती. मूळची कयाक उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची, सीलच्या कातड्याची, कमरेपर्यंत आत शिरून बसायची. त्या बर्फाळ पाण्यात ते ठीक. आपल्या खाडीचं पाणी कोमट, आणि आपण पडणार हे ठरलेलं. आत शिरायची होडी उलटली की पाण्याने भरते आणि ते पाणी उपसत बसावं लागतं. वर बसायचीला तळातून आरपार भोकं असतात, त्यांना स्कपर म्हणतात. वर आलेलं पाणी त्यातून आपोआप खाली जातं. लांबी १० ते १२ फूट आणि रुंदी ३० इंचांच्या पुढे असू दे. अरुंद होडी पळते छान, पण तुला शर्यत लावायची नाही, मांडीवर डबा ठेवून गळाला कोळंबी लावायची आहे. कंपनी १५० किलो वजन पेलेल म्हणत असली तर १०० किलोच्या वर जाऊ नकोस. तुझं पोट त्यात धर.

हवा भरायची होडी चौथ्या मजल्यावर ठेवायला सोपी, हे मला मान्य. पण इथल्या खडकांवर कालवं आहेत, आणि कालवाची कड ब्लेडसारखी असते. शिवाय गळ, शिंगाळा माशाचे काटे आणि वारा. तू जाड प्लॅस्टिकचीच घे आणि माझ्या मांगरात ठेव. पुण्याहून दर खेपेला टपावर बांधून घाट उतरवायचा खटाटोपही वाचेल.

नवी घेतलीस तर चांगल्या स्कूटरएवढे पैसे जातात. म्हणून माझं मत जुनीला. पण जुनी घेताना माझ्यासारखा बावळटपणा करू नकोस. मी घेतली ती वरून चकचकीत होती. कोणाकडून घेतली ते विचारू नकोस, गाव लहान आहे. दुसऱ्याच दिवशी ती जड वाटायला लागली. वाटलं, आपलेच हात दमले. किनाऱ्याला आणून मागचं बूच काढलं तर धो धो पाणी. स्कपरच्या भोकाभोवती केसाएवढी चीर होती. तेव्हा आधी बूच काढून पोटात दोन बादल्या पाणी ओत, होडी हलव आणि बाहेर कुठे ओल दिसते ते बघ. स्कपरच्या कडा आणि टाचेकडचा तळ बोटाने चाचप. वाळूतून ओढून ओढून तिथलंच प्लॅस्टिक पातळ झालेलं असतं. विकणारा कटकट करील, करू दे.

होडी आली की लगेच ड्रिल घेऊन बसू नकोस. पहिल्या पाच फेऱ्यांत एकही भोक पाडायचं नाही. पाण्यात बसून बघ हात कुठे पोचतो, वल्हं कुठे घासतं, आणि तिथे पेन्सिलीने खूण कर. मी उत्साहात रॉड होल्डर समोर बसवला, आणि दर दुसऱ्या वल्ह्याला माझी बोटं त्यावर आपटायची. आता ते भोक सीलंटने बुजवलंय. ते दिसलं की ही अजून हसते. होल्डर पाठीमागे, तिरके, दोन पुरेत. सीटमागे भाजीचा प्लॅस्टिकचा क्रेट लवचिक दोरीने बांध, त्याच्या कडेला पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे आवळ, झाले होल्डर. स्क्रू मात्र ३१६ नंबरच्या स्टेनलेसचे घे. साधे स्क्रू खारं पाणी एका पावसाळ्यात खाऊन टाकतं.

नांगराचं जरा ऐक, कारण इथे माणसं बुडतात. वाहत्या पाण्यात नांगर होडीच्या कुशीला कधीही बांधायचा नाही. दोर ताणला की पाणी ती कड खाली दाबतं आणि होडी क्षणात पालथी. दोर नाळेवरून किंवा वरामावरून, म्हणजे टोकावरूनच सुटला पाहिजे. बसल्या जागेवरून टोकापर्यंत हात पोचत नाही, म्हणून कडेने कप्पीवर फिरणारी एक दोरी लावतात. तिच्या कडीत नांगराचा दोर अडकवायचा आणि कडी हवी तेव्हा टोकाकडे सरकवायची. दीड किलोचा घडीचा नांगर खाडीला पुरतो. दोर खोलीच्या तिप्पट तरी हवा, आणि सुरी हाताशी. खरं सांगू? मी नांगर क्वचितच टाकतो. चिव्याच्या बांबूची एक सरळ काठी टोकदार करून घेतली आहे. उथळ चिखलात ती रोवली, होडीचं टोक तिला बांधलं की काम झालं. चिवा भरीव असतो, वाकतो पण मोडत नाही. ही काठी तुझ्या कुठल्याच दुकानात मिळणार नाही. आपल्या परड्यात आहे.

वल्हं, रॉड, पक्कड, सगळं दोरीने होडीला बांधून ठेव. जॅकेट अंगातच हवं, सीटमागे खोचलेलं नको. पर्यटकांच्या बोटीवरची ती नारिंगी फोमची जॅकेटं पाण्यात पडलं की कानापर्यंत वर येतात. तुला कमरेला आवळणारं हवं, आणि त्याला शिट्टी. मोबाइल वॉटरप्रूफ पिशवीत, गळ्यात, आणि त्यात तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर.

आता संकष्टी.

दोन वर्षांपूर्वीची, अशीच कार्तिकातली. ही म्हणाली, "संकष्टीला मासे मारायला निघालेला सबंध तालुक्यात तू एकटाच." मी पहाटे सहाला निघालो. पाणी तेलासारखं. मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा पाठीवर, खाली सुकती, म्हणजे ओहोटी लागलेली. वल्हं नुसतं टेकवलं तरी होडी पळत होती. मनात म्हटलं, काय हात बसलाय आपला! अरे, हात कसला, पाणीच मला उचलून चाललं होतं. संगमापाशी आलो तेव्हा समोर आवाज ऐकू आला. खाडीचं उतरणारं पाणी आणि समुद्रावरून येणारी लाट जिथे भिडतात तिथे लाटा जागच्या जागी उभ्या राहतात, छातीएवढ्या, एकीला लागून एक. मी होडी वळवायला गेलो, ती आडवी झाली, आणि मी पाण्यात. रॉड, डबा, चष्मा सगळं दर्याला. होडीची कड धरून लोंबकळत राहिलो. नशीब एवढंच की पाण्याने बाहेर न नेता मला बाजूच्या वाळूच्या पट्टीवर टाकलं.

परत जाऊ म्हटलं तर दहा वल्ही मारावी आणि वीत हलावं. शेवटी वाळूवर बसून राहिलो. तासाभराने एक म्हातारे आजोबा जाळं घेऊन होडीतून जात होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, होडीकडे बघितलं आणि विचारलं, "मासो गावलो काय तुका? की मासळीकच तू गावलंस?" मग प्यायला पाणी दिलं आणि म्हणाले, "नऊ वाजता पाणी फिरतला, मगे जा." नऊला पाणी फिरलं. ज्या पाण्याने मला नेलं होतं त्यानेच मला आपल्या किनाऱ्याला आणून सोडलं, वल्ही न मारता. घरी साबुदाण्याची खिचडी होती. मी ती गुपचूप खाल्ली.

आता त्या दिवशी मी काय बघायला हवं होतं ते सांगतो. आपल्या आज्यांचा हिशेब तुला आठवतो? तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चौथ म्हणजे चार पाऊण तीन. तीनला भरती, सहा तासांनी म्हणजे नऊच्या सुमाराला सुकतीची अखेर. हा हिशेब मुंबई-अलिबागकडे चपखल बसतो. आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून वर सरकत जाते, म्हणून आपल्याकडे ती जरा आधी येते, आणि खाडीत आत जावं तशी उशिरा. नेमक्या वेळेला तक्ता आहेच, पण अंदाज बोटांवर यायला हवा. मी सहाला निघालो तेव्हा सुकती भर जोरात होती, पौर्णिमा होऊन चारच दिवस झाले होते म्हणून उधाणाची ओढ होती, आणि वर मतलई. तिन्ही गोष्टी मला बाहेर ढकलत होत्या आणि मी माझ्या हाताचं कौतुक करत होतो.

म्हणून माझा आता एकच नेम आहे. जाताना पाण्याविरुद्ध, येताना पाण्याबरोबर. विरुद्ध जाताना दमलो तर परत फिरणं फुकटात होतं. आणि अकराच्या आत किनाऱ्याला, कारण मग समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि पर्यटकांच्या जेट स्की खाडीचं दही घुसळायला येतात.

पहिल्या दिवशी तुला रॉड देणार नाही, सांगून ठेवतो. कमरेएवढ्या पाण्यात मुद्दाम पडायचं आणि परत चढायचं. होडी पालथी असेल तर पलीकडची कड धरून आपल्याकडे ओढून सुलटी करायची. मग कडेला आडवं तरंगायचं, पाय पाण्याच्या वर येईपर्यंत जोरात मारायचे आणि पोटावर सरकत होडीवर यायचं, मासा डेकवर येतो तसं. आधी पोट, मग कूस वळवून बूड, मग पाय. गुडघा आधी टाकलास की होडी परत तुझ्या अंगावर. दहा वेळा जमलं की गरवायला निघायचं.

माशांचं लिहायला बसलो तर चंद्र उगवून मावळेल. सुरुवातीला कोळंबी लावून मुडदुशी, वाळूच्या तळावर. हलका रॉड, ३००० नंबरचं रीळ. नंतर खडकांपाशी आणि चिप्यांच्या, म्हणजे खारफुटीच्या मुळांपाशी तांबोशी. ती लागली की सरळ मुळांत घुसते, आणि होडी तिच्यामागे. किनाऱ्यावर उभा असलास तर पाय रोवता येतात, इथे रोवायला काही नाही. मासा तुला फिरवतो, तू माशाला नाही. त्यातच खरी मजा आहे. चोणक लागला तर फोन करून उठवलंस तरी चालेल. पण मोठा असला तर सोडून द्यायचा. चोणक आधी नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो, म्हणजे सगळ्यात मोठी ती अंड्यांची. हे माझ्या पोटाला पटत नाही, पण मी पाळतो. शिंगाळा आला तर हात लावू नकोस. पाठीवर एक आणि दोन बाजूंना दोन काटे, विषारी, आणि होडीत तो नेमका तुझ्या दोन मांड्यांच्या मध्ये येऊन पडतो. पक्कडीने गळ सोडव. काटा लागलाच तर सोसवेल एवढ्या गरम पाण्यात हात धरायचा आणि डॉक्टरांकडे जायचं.

आणि जाळ्यांपासून लांब. बोयरी, म्हणजे जाळ्याचा तरंगता गोळा, दिसली की वळसा घालायचा. आपला हा छंद आहे, त्यांची ती चूल आहे. किल्ल्याकडे, मालवण बंदरात गरवायचं म्हणशील तर नाही. तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

तू मार्गशीर्ष शुद्ध अष्टमीच्या आसपास ये. भांगाची, म्हणजे उधाणाच्या उलट लहान भरती-ओहोटी असेल, पाण्याला ओढ कमी. अष्टमीची पाऊणपट सहा, म्हणजे पहाटे भरती होऊन पाणी हळूहळू उतरायला लागलेलं असेल. आपण नेरूरपारच्या दिशेने वर जायचं आणि उतरत्या पाण्याबरोबर घरी, संगमाच्या बऱ्याच अलीकडे. येताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी आणि चिखलात जातील असे जुने बूट आण. चपला नकोत, चिखल त्या ठेवून घेतो. वहिनींना सगळं खरं सांगून ये, होडीच्या किमतीसकट.

तुझा,
दादू

ता. क. फिश फाइंडर तू आधीच घेऊन ठेवला आहेस, हे वहिनींनी हिला कळवलंय. परत होत असेल तर बघ. नसेल तर घेऊन ये. आपण पडायचा सराव करू तिथे कमरेएवढं पाणी आहे, हे तो तुला अगदी अचूक सांगेल.