मिस्त्रीकाकांना, जाहीर आभार

मिस्त्रीकाका, नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही ‘हे काय लावलं मॅडम’ म्हणत रंधा मारायला लागता आणि माझं बोलणं त्या आवाजात बुडून जातं. म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

मी पुण्याची. अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात नेमणूक झाली तेव्हा चौथीचा वर्ग माझ्यापुढे गप्प बसायचा. मैदानात कलकलाट, आणि वर्गात काही विचारलं की माना खाली. त्यात २३ फेब्रुवारी आली, गाडगेबाबांची जयंती. बोलायला पाहुणा मिळेना. कुणीतरी म्हणालं, आपले मिस्त्री कविता करतात की.

तुम्ही कानावरच्या पेन्सिलीसकट आलात आणि भाषण केलंच नाही. बाबांचं शेंडगाव तर शेजारच्याच अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं. बाबा कीर्तनात समोरच्यांना प्रश्न विचारत पुढे जायचे, तसेच तुम्ही पोरांना विचारत गेलात. तिफनीले फन किती? चाड्यावर मूठ कोन धरते? (तिफन म्हणजे तीन फणांचं पेरणीचं लाकडी अवजार, आणि चाडं म्हणजे त्यात बी सोडायची वाटी.) उत्तरं अशी आली की शेजारच्या वर्गातले गुरुजी डोकावून गेले. मग तुम्ही म्हटलंत:

तीन फनाची तिफन माही, तीन पोराची माय,
दोन गेले पुन्याले, एका फनानं पेरू काय?

हजेरीलाही नुसती मान हलवणारी एक मुलगी उठून म्हणाली, ‘माहा दादा बी पुन्यालेच हाये.’ त्या वर्षात तिचं वर्गातलं ते पहिलं वाक्य.

जाताना तुम्ही मला एवढंच म्हणालात, ‘पोट्ट्यायले बोलू द्या ना मॅडम, ते काय मुके हायेत?’ तेव्हापासून आमच्याकडे आधी घरच्या बोलीत सांगायचं, वहीत तसंच उतरवायचं, आणि मग पुस्तकी मराठीत आणायचं. मुलांचं पुस्तकी मराठीही त्यानेच सुधारलं. पण ते श्रेय तुम्ही घेणार नाही, ठाऊक आहे.

तुमच्या कविता मला आवडतात त्या रडगाणं नसतात म्हणून. बाभळीची तिफन करून मागणारा आता विरळा. ट्रॅक्टरमागे लोखंडी पेरणीयंत्र आलं आणि तुमच्याकडे चौकटी आणि दिवाण उरले. आपला हा खारपाणपट्टा, जमिनीखालचं पाणीच खारं. विहिरीला पाणी आहे, पण ते तोंडात धरवत नाही. त्यावर कुणीही गळा काढला असता. तुम्ही मात्र विहिरीला सासूसारखं बोलायला लावता: भरल्या घरची, पण घोटभर देईल तर शपथ. (मोबाइलवरची कविता मात्र मला नाही पटली. ती नुसती टिंगल आहे. पोरं हसतात, म्हणून तुम्ही ती पुन्हापुन्हा म्हणता.)

एक भांडण मात्र आहेच. परवा दाराचं माप द्यायला आले तर सागाच्या फळीवर पेन्सिलीने चार ओळी लिहिलेल्या. मी वाचतेय तोवर तुम्ही त्यावर रंधा फिरवला, आणि अख्खी ओळ ढलपीवर चढून खाली पडली. ‘डोक्यात हाये ना,’ म्हणालात. डोक्यात असेल, पण आम्हाला कशी मिळणार? चौथीतल्या दोघांना मी कामाला लावलंय. शनिवारी शाळा सुटली की वही घेऊन ते तुमच्या दुकानात येतील. तुम्ही काम करता करता म्हणायचं, ते लिहितील. शुद्धलेखन कुणी तपासणार नाही.

आणि हिशेबाचं. फळ्याचा स्टँड दुरुस्त केलात, त्याचे पैसे अजून घेतलेले नाहीत. तान्ह्या पोळ्यासाठी मुलांना लाकडी बैल करून देणार आहात, त्याचेही ‘पाहू’ म्हणून टाळलंत. या वेळी ते चालणार नाही. मुख्याध्यापकांनी पाकीट करून ठेवलंय. शनिवारी पोरांच्या हातीच पाठवते, मुकाट्याने घ्या.

तुमची,
चौथीच्या मॅडम